भुंगेरा काही ‘ड’ तुकडीतला नाही

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. माणसाशी नाही, एका शब्दाशी. ‘पुढारलेला’ हा तो शब्द. त्याचा जुळा भाऊ ‘मागासलेला’ त्याच्या मागोमाग येतोच. माणसांबद्दल बोलताना हे शब्द आताशा आपण जपून वापरतो. किड्यामुंग्यांबद्दल मात्र बिनधास्त वापरतो, आणि वर ‘शास्त्र असं सांगतं’ म्हणून शिक्का मारतो. शास्त्र असं काही सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

विषय आहे फुलातला मकरंद पिणारा पतंग आणि फुलातला मकरंद पिणारा भुंगेरा. (पतंग म्हणजे मांज्याचा नव्हे, दिव्यावर झेपावणारा.) तुम्ही म्हणाल, या वयात बाईंना हे काय सुचलं! सुचायला कारण आहे. ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून लांब सोंडेच्या पतंगाचा फोटो घरच्या गटावर वर्षातून दोनतीनदा तरी येतो. खाली मजकूर असतो: उत्क्रांतीचा मुकुटमणी, फुलासाठी घडलेला कीटक. आणि तुलनेला बिचारा भुंगेरा: आदिम, ओबडधोबड, फुलं कुरतडून नासाडी करणारा. असली वाक्यं नुसत्या निरोपांत असती तर सोडून दिलं असतं. पण ती जाणत्या लोकांच्या लेखांत येतात, गाइडांत येतात. इंग्रजी पुस्तकांत तर भुंगेऱ्यांच्या परागीभवनाला ‘पसारा आणि घाण’ अशा अर्थाचं नावच पडलेलं आहे.

माझं म्हणणं एवढंच की या दोघांत पुढे कोणी नाही आणि मागे कोणी नाही. दोघांनी एकच अडचण सोडवली, आणि गंमत म्हणजे बऱ्याच अंशी एकाच अवयवातून सोडवली. ज्याला यात शिडी दिसते, त्याने किडे पाहिलेलेच नाहीत, नुसती शिडी पाहिली आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू, कारण मराठीची शिक्षिका तिथे गप्प बसू शकत नाही. आपण ज्याला भुंगा म्हणतो, तो काळाभोर, घूं घूं करत घराच्या वाशाला भोक पाडणारा, ती खरं तर एक माशी आहे, मधमाशीची चुलत बहीण. लाकूड कोरणारा पण कमळाच्या कोवळ्या पाकळ्यांत अडकून पडणारा जो भ्रमर आपल्या संतवाङ्मयात आहे, तोही तोच. भुंगेरा निराळा. त्याचे पुढचे दोन पंख कडक होऊन पाठीवर ढालीसारखे बसलेले असतात आणि उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. काजवा भुंगेरा, धान्यातला सोंड्या भुंगेरा, ठिपक्यांची लालचुटुक ढालकिडीही भुंगेराच. यांच्या माहीत असलेल्या जातीच साडेतीन लाखांच्या वर आहेत. फुलपाखरं आणि पतंग मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतात. ‘मागासलेल्यां’चा संसार बऱ्यापैकी चालला आहे म्हणायचा!

आता पतंगाचं श्रेय पतंगाला देऊ, त्यात कंजुषी नको. जानेवारी १८६२ मध्ये जेम्स बेटमन नावाच्या ऑर्किडवेड्या गृहस्थांनी चार्ल्स डार्विनकडे मादागास्कर बेटावरच्या एका ऑर्किडची फुलं पाठवली. पांढरं, चांदणीसारखं फूल आणि मागे लोंबणारी बारीक हिरवी नळी. डार्विनने नळी मोजली ती साडेअकरा इंच. मकरंद कुठे, तर अगदी तळच्या दीड इंचात. त्याच वर्षी आलेल्या ऑर्किडांवरच्या पुस्तकात त्याने लिहून टाकलं की त्या बेटावर एवढी लांब सोंड असलेला पतंग असलाच पाहिजे. काहींनी थट्टा केली. १८६७ साली वॉलेसने त्याची बाजू घेतली: खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यून जितक्या खात्रीने शोधला, तितक्याच खात्रीने हा पतंग शोधा. डार्विन १८८२ साली वारला. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९०३ साली, रॉथशिल्ड आणि जॉर्डन यांनी त्या पतंगाचं वर्णन केलं आणि ‘भाकीत केलेला’ अशा अर्थाचा शब्द त्याच्या नावातच घातला. २०२१ साली त्याला स्वतंत्र जातीचा मान मिळाला आणि एका नराची सोंड तब्बल २८.५ सेंटीमीटर भरली. अंगापेक्षा कितीतरी पट लांब सोंड, आणि वापर नसेल तेव्हा ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून तोंडाखाली ठेवलेली!

वाचून थक्क व्हायला होतं, मीही होते. पण थक्क होणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं.

ही सोंड आहे तरी कशाची? किड्याच्या तोंडाची साधी रचना अशी: वरचा ओठ, चावायच्या जबड्यांची एक जोडी, त्याच्या मागे घास सावरणारी दुसरी जोडी, आणि खालचा ओठ. या दुसऱ्या जोडीला डावीउजवीकडे एकेक छोटी पाळी असते. शास्त्रज्ञ तिला गॅलिया म्हणतात. पतंगात या दोन पाळ्या लांबच लांब वाढल्या, प्रत्येकीला आतून पन्हळीसारखी खोबण पडली, आणि दोन पन्हळी समोरासमोर जोडल्या की मधे नळी तयार झाली. कोशातून बाहेर येतो तेव्हा पतंगाची सोंड दोन सुट्या भागांत असते. मग तो ते भाग एकमेकांत बसवतो, आपण पिशवीची चेन लावतो ना, तसे. नीट बसले नाहीत तर जन्मभर उपास. मकरंद वर ओढायला डोक्यात स्नायूंचा पंप असतो. आणि या सगळ्याची किंमत म्हणून पतंगाने चावायचे जबडे गमावले. हळद-कुंकवाइतका परागकणही त्याला चावून खाता येत नाही.

आता भुंगेऱ्याकडे या. मेलोइडी नावाचं भुंगेऱ्यांचं एक कूळ आहे. आपल्याकडे तुरीच्या, भेंडीच्या फुलांवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा जो किडा बसलेला दिसतो आणि अंगावर चिरडला तर फोड उठतो, तो याच कुळातला. तो फुलं सरळ चावून खातो, शेतकरी त्याला शिव्या देतो, ते योग्यच आहे. पण याच कुळात अमेरिकेकडे नेमोग्नाथा नावाचे भुंगेरे आहेत. ते सूर्यफुलाच्या जातकुळीतल्या आणि तशाच बारीक नळीच्या फुलांतून मकरंद पितात. कशाने? तोंडापुढे आलेल्या लांब नळीने. काही जातींत ही नळी जवळपास अंगाएवढी लांब. आणि ती कशाची बनली आहे? त्याच दोन पाळ्यांची. त्याच गॅलियाची!

म्हणजे बघा, पतंग आणि हा भुंगेरा यांचा समाईक पूर्वज तीस कोटी वर्षांहूनही जुना. दोघांच्या वाटा केव्हाच फुटल्या. मधल्या काळात कोणी कोणाची वही पाहिली नाही. तरी दोघांनी तोंडातला तोच तुकडा उचलला आणि त्याची पिण्याची नळी केली. फरक आहेत ते असे. पतंगाची नळी घट्ट जोडलेली आणि गुंडाळणारी, भुंगेऱ्याची सैल जोडीची आणि न गुंडाळणारी, तो ती अंगाखाली वळवून ठेवतो. पतंगाचे जबडे गेले, भुंगेऱ्याने नळीही केली आणि चावायचे जबडेही ठेवले. भूमध्य समुद्राच्या बाजूला याच कुळातला लेप्टोपाल्पस नावाचा भुंगेरा आहे, त्याने तर या पाळ्यांना हातच लावला नाही. शेजारचे चाचपणीचे जे दोन अवयव असतात, ते लांबवून त्यांची नळी केली. एकाच कुळात एकाच अडचणीची दोन उत्तरं.

याला ओबडधोबड म्हणायचं? घरात नवीन यंत्र न आणता जुन्या पाट्या-वरवंट्यातून काम काढणाऱ्या बाईला कोणी ‘मागासलेली’ म्हटलं तर मी दोन शब्द सुनावल्याशिवाय राहणार नाही.

शिडीवाल्यांचा युक्तिवाद असा असतो की आधी चावणारे किडे होते, मग पिणारे झाले, म्हणून पिणारे वरच्या पायरीवर. मग त्यांनी मला या पुढच्या मंडळींच्या पायऱ्या सांगाव्यात.

युरोपात मायक्रोप्टेरिक्स नावाचे चिमुकले सोनेरी पतंग आहेत. त्यांना सोंड नाही, जबडे आहेत, आणि ते परागकण चावून खातात. पतंग असून चावतात. आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या तसरचा पतंग घ्या. त्याची अळी पानं खाऊन खाऊन फुगते, पण पंख फुटल्यावर त्याला कामाचं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर चार दिवस जगायचं, अंडी घालायची आणि संपायचं. हा कुठल्या पायरीवर? आणि तिळाच्या पानांवर जिची जाडजूड अळी सापडते, तो पाठीवर कवटीसारखं चित्र असलेला मोठा पतंग. तोही हॉक मॉथच, मादागास्करवाल्याच्या कुळातला. याची सोंड आखूड आणि दणकट, कारण हा मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो. त्याच घराण्यात एक फूटभर सोंडेचा ‘मुकुटमणी’ आणि एक आखूड सोंडेचा चोर!

चावणारे पतंग, पिणारे भुंगेरे, तोंड नसलेले पतंग, चोरी करणारे पतंग. ही शिडी नव्हे, हा मोठा वाडा आहे. ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे खोलीला दार पाडून घेतलेलं आहे.

‘पण पतंग किती चतुर!’ असंही ऐकते. चतुर? आपल्या देवळापुढचा चाफा मुळात अमेरिकेकडचा. त्याच्या फुलात मकरंद नसतो. वास मात्र असा की हॉक मॉथ अंधारात फुलामागून फूल धुंडाळत फिरतात, सोंड घालून पाहतात, हाती काही लागत नाही, आणि फुलाचं परागीभवनाचं काम फुकटात होऊन जातं. पपईचंही तेच. नराच्या फुलात मकरंद असतो, मादीच्या फुलात नसतो, आणि पतंग फसून दोन्हीकडे जातो म्हणून पपई धरते. मी पतंगाला बावळट म्हणत नाही हो! अंधारात, सेकंदाला पंचवीसेक वेळा पंख मारत, फुलावर न बसता अधांतरी राहून पिणं ही साधी गोष्ट नाही. म्हणायचंय ते एवढंच की चतुराईची मोजपट्टी लावाल तर तीही पतंगाला वर नेऊन बसवत नाही.

आता त्या ‘पसारा आणि घाण’कडे. भुंगेरा फुलात बसतो, खातो, लोळतो, तिथेच संसार करतो, खरं आहे. फूल त्याला भाडं लावतं, आणि भाडं वसूल होतं. सीताफळाचं फूल आठवा. जाड हिरवट तीन पाकळ्या, धड उघडतही नाही. त्यात मधमाशी शिरत नाही, पतंग तर नाहीच. शिरतात ते अगदी बारीक भुंगेरे. पुरंदरच्या सीताफळाच्या टोपल्या बाजारात येतात तेव्हा त्या ‘घाण’ करणाऱ्यांचा त्यात वाटा असतो. हे भुंगेरे पुरेसे नसतील तिथे माणसाला हातात ब्रश घेऊन फुलामागून फूल शिवत बसावं लागतं. मलेशियात तेल-ताडाच्या मळ्यांत मजूर असं हाताने परागण करत. १९८१ साली कॅमेरूनहून एक छोटा सोंड्या भुंगेरा आणून सोडला आणि ते हातकाम थांबलं. जे काम माणसांच्या फौजेला करावं लागत होतं, ते त्या ‘मागासलेल्या’ किड्याने करून टाकलं.

आणि कमळ! कमळाचं फूल स्वतः ऊब निर्माण करतं. रॉजर सेमूर आणि पॉल शुल्झे-मोटेल यांनी १९९६ साली हे मोजून प्रसिद्ध केलं. बाहेरची हवा दहा अंशांवर उतरली तरी फुलाच्या आत तीस ते छत्तीस अंश. ही ऊब रात्री मुक्कामाला येणाऱ्या भुंगेऱ्यांसारख्या पाहुण्यांच्या उपयोगी पडत असावी, असं त्यांचं म्हणणं. आपण शतकानुशतकं कमळात अडकलेल्या भ्रमराची कीव केली. फुलाने अंथरुण गरम करून ठेवलेल्या पाहुण्याकडे मात्र आपलं लक्षच नव्हतं.

‘आदिम’ या शब्दाचाही हिशेब करू. म्यानमारच्या सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत एक छोटा भुंगेरा सापडला. अंगावर फुलाचे परागकण चिकटलेले. २०१९ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे फुलं आली तेव्हापासून भुंगेरा त्यांच्या दारात आहे. त्याच्या एक वर्ष आधी, २०१८ साली, जर्मनीतल्या सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतून पतंगांच्या पंखांवरचे सूक्ष्म खवले मिळाले. त्यांतले काही सोंडवाल्या पतंगांच्या जातकुळीचे. फुलझाडांचे पक्के पुरावे मिळतात त्याच्या कितीतरी आधी! म्हणजे ‘फुलासाठी घडलेली सोंड’ ही गोष्टही इतकी सरळ नाही. सोंड आधी आली, बहुधा सायकस-पाइनसारख्या झाडांच्या कोनांवर येणारे गोड थेंब प्यायला. फूल मागाहून आलं आणि तिथून पुढे काही घराण्यांत दोघांची चढाओढ लागली. आता सांगा, यात आदिम कोण? मकरंद पिणारा भुंगेरा आज जिवंत आहे, पतंगही आज जिवंत आहे. दोघेही तितकीच कोट्यवधी वर्षं चालून इथे पोचले आहेत. तुमचा आतेभाऊ तुमचा पूर्वज नसतो. तो तुमच्याच पिढीचा, फक्त दुसऱ्या घरात वाढलेला.

यावर दोन आक्षेप येतील, माहीत आहेत. पहिला: ‘बाई, गुंतागुंत वाढली ना? मग तीच प्रगती.’ गुंतागुंत वाढली, कबूल. पण गुंतागुंत ही किंमत देऊन घेतलेली वस्तू आहे. गुंडाळणाऱ्या सोंडेसाठी पतंगाने जबडे मोजले. तसरच्या पतंगाने तर तोंडच मोडीत काढलं, तिथे गुंतागुंत कमी झाली, तरी तो मागे पडलेला नाही. उत्क्रांतीच्या वाटेवर वाढतंही आणि गळतंही. ज्या ठिकाणी जे चालतं ते राहतं. डार्विनने स्वतः एका पुस्तकाच्या समासात स्वतःसाठीच टिपून ठेवलं होतं की ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हे शब्द वापरायचे नाहीत. ते त्यालाही पूर्ण पाळता आलं नाही, इतकी ही सवय चिवट! पण १८५९ च्या त्याच्या मुख्य ग्रंथात आकृती एकच आहे, आणि ती फांद्या फुटत जाणारी आहे. शिडीची नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: ‘मुलांना शिडी सोपी जाते.’ माकड, मग वाकलेला माणूस, मग ताठ माणूस, असं ते रांगेचं चित्र साऱ्या जगाच्या डोक्यात बसलेलं आहे. १९६५ साली एका अमेरिकन पुस्तकमालेसाठी रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने काढलेलं. सोपं आहे खरं. पण आपल्या मुलांना वंशवेल कळत नाही का? काका, आत्या, मावसभाऊ, चुलतआजोबा हे सगळं सहा वर्षांच्या पोराला तोंडपाठ असतं. नात्यांना इतके शब्द असलेल्या भाषेत उत्क्रांती शिकवायला शिडी लागते हे मला मान्य नाही. फळ्यावर एक झाड काढा. एका फांदीवर पतंग, दुसऱ्या फांदीवर भुंगेरा, आणि दोघांच्या तोंडात एकच पाळी लाल खडूने रंगवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुम्ही विचाराल की एका किड्यावरून एवढा आवाज का. कारण शिडी फक्त किड्यांपुरती राहत नाही. जिथे मी काही वर्षं शिकवलं तिथे मार्कांप्रमाणे तुकड्या पाडायची पद्धत होती. ‘अ’ तुकडीला खिडकीजवळचे वर्ग, प्रयोगशाळा, स्पर्धा. ‘ड’ तुकडीला जिन्याखालची खोली आणि बदली शिक्षक. आणि शिक्षकांच्या खोलीत हसत हसत म्हटलं जायचं, ‘ड-वाले अजून उत्क्रांत व्हायचेत.’ बोलणारी माणसं दुष्ट नव्हती, पोरांसाठी डबाही वाटून देणारी होती. पण वाक्य बघा. ते फक्त चेष्टेचं नाही. उत्क्रांती म्हणजे पायऱ्या, पायऱ्या म्हणजे लायकी, आणि खालच्या पायरीवरचा म्हणजे कच्चा राहिलेला वरचा. हा धडा त्या शिक्षकांनीही शाळेतच घेतला होता, आणि पुढे देत होते. ‘ड’ मधली ती मुलं कोणाच्या मागे नव्हती. काहींचे हात इतके तयार होते की वर्गातला पंखा तेच दुरुस्त करत. त्यांची उत्तरं निराळ्या प्रश्नांची होती, आणि ते प्रश्न परीक्षेत कोणी विचारलेच नाहीत.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला तेव्हा देशातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. तो विरोध योग्यच होता. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या २०१८ सालच्या पुस्तकात पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा होता, याचा मला आनंद आहे. पण धडा असण्यासाठी भांडणाऱ्यांनी धडा कसा शिकवला जातो यासाठीही भांडावं. शिडी शिकवायची असेल तर त्याला उत्क्रांती म्हणू नका. ती जुनीच उतरंड आहे, फक्त तिच्यावर शास्त्राचा झगा चढवलेला.

शिडीचा तोटा शिवारातही होतो. ज्याला आपण वरच्या पायरीवर बसवलं त्याचीच काळजी घेतो. मधमाश्यांसाठी सांगतात, फवारणी संध्याकाळी करा, त्या घरी गेलेल्या असतात. सल्ला मधमाशीसाठी चांगला आहे. पण त्याच वेळी पतंग कामावर निघतो, आणि सीताफळाच्या फुलात मुक्कामाला असलेला भुंगेरा तर घरी गेलेलाच नसतो. रात्रीच्या दिव्यांचंही तसंच. २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या कुरणांवर दिवे लावून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. उजेडाच्या जागी फुलांवर रात्री येणाऱ्या कीटकांच्या फेऱ्या बासष्ट टक्क्यांनी कमी झाल्या आणि ज्या काटेरी रोपाची फळं मोजली, ती तेरा टक्क्यांनी कमी भरली. दिवसा येणाऱ्या कीटकांना ती तूट भरून काढता आली नाही. मधमाशीलाच पहिला नंबर देऊन बाकीच्यांना ‘इतर’ या रकान्यात टाकलं की असं होतं. ‘इतर’ गेले की मगच कळतं ते काय करत होते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी तो लांब सोंडेचा पतंग गटावर आला तर जरूर वाहवा करा, मीही करीन. पण त्याच्या शेजारी नेमोग्नाथाचाही फोटो टाका, आणि मुलांना विचारा की या दोघांनी तोंडातला कुठला भाग वापरला. बागेत तगरीच्या पानांवर डोळ्यासारखे ठिपके असलेली हिरवी गुबगुबीत अळी दिसली तर लगेच चप्पल उचलू नका, तो हॉक मॉथच व्हायचा आहे. आणि फुलात तोंड खुपसून बसलेला भुंगेरा दिसला तर त्याला ‘घाणेरडा’ म्हणण्याआधी तो खातोय, पितोय की दोन्ही, एवढं तरी वाकून बघा.

ज्यांना पटलं नसेल त्यांनी खाली जरूर भांडावं, नातेवाइकांनीही, फोनवर नको! अट एकच. ‘पुढारलेला’ हा शब्द वापरायचा असेल तर आधी सांगा: कशात पुढारलेला, कोणाच्या पुढे, आणि मोजपट्टी कोणाची.